नाथसागरात समुद्र ओतला तर

परभणी जिल्ह्यातल्या एका शाळेच्या विज्ञानाच्या मॅडमनी विचारलं आहे: नववीच्या वर्गात किरणोत्साराचा विषय निघाला तेव्हा एका मुलीने हात वर केला. खडकांत युरेनियम, थोरियम असतं. नद्या खडक झिजवून ते समुद्राला नेतात. हे कोट्यवधी वर्षं चाललंय. मग समुद्र किरणोत्साराने भरून कसा गेला नाही? आणि जेवढं आहे तेवढं सगळीकडे सारखं आहे का? शेवटी मॅडमनी स्वतःचाही एक प्रश्न जोडलाय, आठवडी बाजारात सुकट घेताना याची काळजी करायची का?

मॅडम, त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा. मी या एका प्रश्नावर नोकरीची तीसेक वर्षं काढली. समुद्राच्या पाण्यातली किरणोत्सारी मूलद्रव्यं मोजणं हाच माझा धंदा होता. गंमत बघा, गाव गंगाखेड, समुद्र पहिल्यांदा पाहिला तो एम.एस्सी. झाल्यावर.

समुद्र किरणोत्सारी आहे, कायमच होता. पण त्यात कुठे काय किती सापडेल, हे नदीने किती आणलं यावर फारसं ठरत नाही. ते ठरतं त्या मूलद्रव्याच्या स्वभावावर. काही पाण्यात विरघळून मोकळी हिंडतात, काही दिसेल त्या कणाला चिकटून तळाशी जातात. दुसरी गोष्ट आयुष्याची. ज्याचं अर्धायुष्य (निम्मे अणू फुटायला लागणारा काळ) चार दिवसांचं ते किनाऱ्यापासून फार लांब जाऊच शकत नाही, आणि ज्याचं अब्जावधी वर्षांचं त्याला सगळे महासागर फिरायला सवड आहे.

आकडे मिलिबेकरेलमध्ये सांगितले की पोरं पेंगतात. म्हणून आपलं माप घेऊ. पैठणचं जायकवाडी, आपला नाथसागर, पूर्ण भरला की त्यात २९०९ दशलक्ष घनमीटर पाणी मावतं. समजा, तो काठोकाठ समुद्राच्या पाण्याने भरला. (शेतकऱ्यांनी घाबरू नये, कागदावरच भरतोय.) आता त्यात काय काय सापडेल ते बघत जाऊ.

सगळ्यांत जास्त किरणोत्सार पोटॅशियमचा, आणि लोकांना नेमकं हेच माहीत नसतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात ०.४ ग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. त्यातल्या दर दहा हजार अणूंत एखादा पोटॅशियम-४० असतो, तो किरणोत्सारी. (नावापुढचा आकडा अणूच्या वजनाचा, एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू असतात.) लिटरमागे सेकंदाला साधारण १२ अणू फुटतात, म्हणजे १२ बेकरेल. समुद्राच्या नैसर्गिक किरणोत्सारातला शेकडा पंच्याण्णवहून जास्त वाटा या एकट्याचा. नाथसागराच्या हिशेबात पोटॅशियम ११ लाख टनांच्या वर, आणि त्यातलं किरणोत्सारी १३५ टन.

हे ऐकून घाबरायला होतं, म्हणून एक प्रसंग सांगतो. लातूरला एका ओळखीच्या कृषी सेवा केंद्रात बसलो होतो. पिशवीत किरणोत्सार मोजायचा गायगर काउंटर होता. दुकानात तो मिनिटाला चाळीसच्या आसपास टिकटिक करत होता, ती तर कुठल्याही खोलीत असते. म्युरेट ऑफ पोटॅशचं, म्हणजे पोटॅशियमच्या खताचं, एक पोतं फुटलेलं होतं. दाण्यांपासून बोटभर अंतरावर काउंटर धरला तर टिकटिक ऐंशीच्या पुढे गेली. दुकानदाराने आधी काउंटरकडे पाहिलं, मग दाराकडे, आणि हळूच म्हणाला, "सर, गिऱ्हाइकासमोर नका करू हे." त्या खताच्या एका ग्रॅममध्ये १५ बेकरेलच्या आसपास किरणोत्सार असतो. म्हणजे समुद्राचं लिटरभर पाणी आणि चिमूटभर पोटॅश यांत फरक नाही. तसंही ते पोटॅश मुळात समुद्राचंच, कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्रांच्या थरांतून खणून काढलेलं. दुकानदाराच्या अंगातही काही हजार बेकरेल पोटॅशियम-४० होतंच, ते मी त्याला सांगितलं नाही.

पोटॅशियमच्या वाटणीत सांगण्यासारखं फार नाही. जिथे मीठ जास्त तिथे तेही त्याच प्रमाणात जास्त. रुबिडियम-८७ चंही तसंच, त्याचा वाटा शेकड्याला एखादा.

आता युरेनियम. समुद्राच्या लिटरभर पाण्यात ३.३ मायक्रोग्रॅम. नाथसागरात साडेनऊ टन, एका ट्रकमध्ये बसेल एवढं. एक किलो युरेनियम हवं असेल तर ३० कोटी लिटर पाण्यातला कणन् कण काढावा लागेल. समुद्रातून युरेनियम काढण्याच्या बातम्या अधूनमधून येतात तेव्हा हा आकडा आठवावा.

मुलीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे, आणि ते तिला फळ्यावर करू द्या. सगळ्या महासागरांत मिळून युरेनियम साधारण ४५० कोटी टन. जगातल्या नद्या वर्षाला १० ते ११ हजार टन नेतात. भागाकार केला तर चार लाख वर्षांच्या थोडं वर येतं. म्हणजे आत्ता जेवढं आहे तेवढं जमायला चार लाख वर्षं पुरतात. समुद्राचं वय मात्र अब्जावधी वर्षांचं. अर्थ सरळ आहे: जेवढं येतं तेवढंच कुठेतरी जातंय. हौदात नळ चालू आहे आणि तरी पाणी वाढत नाही, तर खाली तोटी उघडी असणारच.

ती तोटी प्राणवायू नसलेल्या चिखलात आहे. मोकळ्या समुद्रात युरेनियम कार्बोनेटशी जोडी जमवून विरघळलेलं राहतं, त्याला कणांशी देणंघेणं नसतं. पण प्राणवायू संपलेल्या गाळात ते दुसऱ्या रूपात जातं, ते रूप विरघळत नाही, आणि मग तिथेच अडकतं. काळ्या समुद्राच्या तळाशी हे घडतं. आपल्या अरबी समुद्रातही घडतं, कारण तिथे मधल्या खोलीचा पाण्याचा एक जाड थर प्राणवायूच्या बाबतीत जवळजवळ रिकामा आहे, आणि तो जिथे उताराच्या गाळाला टेकतो तिथे युरेनियम गाळात जमतं.

युरेनियमचा समुद्रातला मुक्काम चार लाख वर्षांचा, आणि सगळे महासागर एकदा ढवळून निघायला हजार-दीड हजार वर्षं. एवढं ढवळल्यावर फरक कुठे उरणार? वरणात मीठ एका कोपऱ्यात टाकलं तरी चार वेळा डाव फिरवला की सगळीकडे लागतं, तसं. म्हणून मोकळ्या समुद्रात मीठ मोजलं की युरेनियम वेगळं मोजावंच लागत नाही, इतकं ते मिठाशी बांधलेलं आहे. अरबी समुद्राचं पाणी खारट, क्षारता ३६ च्या आसपास (म्हणजे किलोभर पाण्यात ३६ ग्रॅम क्षार), म्हणून युरेनियम लिटरला ३.४ मायक्रोग्रॅमकडे झुकतं. बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात पावसाळ्यानंतर वरचं पाणी नद्यांनी इतकं पातळ होतं की क्षारता तिशीच्याही खाली जाते, आणि युरेनियम पावणेतीनवर येतं.

त्या पातळपणात आपलाही हातभार आहे. गोदावरी उगम पावते अरबी समुद्राजवळ आणि पाणी नेऊन ओतते बंगालच्या उपसागरात. आपला काळा बेसॉल्ट मात्र युरेनियमच्या बाबतीत गरीब. हिमालयातल्या ग्रॅनाइटची आणि काळ्या शेल खडकाची त्याला सर नाही. एकदा मी सवयीने नमुन्याच्या बाटलीवर 'गंगा' लिहिलं, आपल्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. सहकाऱ्याने आकडा खऱ्या गंगेच्या रकान्यात भरला आणि दोन दिवस उपकरण बिघडलं समजून उघडून बसला. तेव्हापासून मी बाटलीवर 'गोदा' लिहायला लागलो.

एक तुलना देऊन ठेवतो, कारण पुढचा प्रश्न तोच येणार. पिण्याच्या पाण्यातल्या युरेनियमसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम आहे. समुद्रात त्याच्या नवव्या हिश्श्याएवढंच. देशात काही भागांतल्या बोअरचं पाणी याबाबतीत समुद्राला केव्हाच मागे टाकतं.

आता खरी मजा. जमिनीच्या वरच्या थरांत थोरियम युरेनियमच्या चौपट आहे. मग समुद्रातही चौपट हवं, नाही का? नाथसागरात साडेनऊ टन युरेनियम होतं. थोरियम-२३२ निघेल दीडशे ग्रॅमच्या आसपास. पेल्यात मावेल एवढं! केरळच्या किनाऱ्यावर थोरियमवाल्या मोनाझाइट या खनिजाची वाळू पसरलेली आहे, लाटा तिला रोज धुतात, तरी पाण्यात थोरियम नावाला.

पावसाळ्यात गोदावरीचं गढूळ पाणी घरी आणलं की आजी तुरटी फिरवायची, आठवतं? तासाभरात चिखल तळाशी, वर नितळ पाणी. नदी समुद्राला मिळते तिथे खारं पाणी तुरटीचंच काम करतं. मातीचे बारीक कण एकमेकांना धरून जड होतात आणि बसतात. थोरियम त्या कणांना घट्ट चिकटलेलं असतं, ते त्यांच्याबरोबरच जातं. जे थोडंफार पुढे निसटतं, त्याला मोकळ्या समुद्रात प्लवकांचे (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवांचे) मेलेले अवशेष, विष्ठेचे कण, वाऱ्याने आलेली धूळ गाठते.

हा चिकटपणा मी पुस्तकातून शिकलो नाही, फजितीतून शिकलो. संशोधक विद्यार्थी होतो, अरबी समुद्रात जहाजावर. वेगवेगळ्या खोलीचं पाणी वीस-वीस लिटरच्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरायचं आणि लगेच ॲसिड घालायचं, असं काम. त्या रात्री समुद्र खवळलेला, मला उलट्या, आणि मी कॅन भरून ठेवून झोपून गेलो. ॲसिड सकाळी घातलं. किनाऱ्यावर येऊन मोजलं तर थोरियम-२३४ वरपासून खालपर्यंत सगळीकडे कमी. मी खूश. केवढा मोठा शोध, म्हणून आलेख काढून सरांपुढे ठेवला. त्यांनी पाचशे मीटरच्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि एवढंच विचारलं, "इथे एवढी तूट? ॲसिड कधी घातलंस?" मी खाली बघितलं. मग त्यांनी रिकामे कॅन आणायला लावले, आत तीव्र ॲसिड फिरवून ते मोजायला सांगितलं. हरवलेल्या थोरियमचा मोठा भाग कॅनच्या भिंतीवर बसला होता. एका रात्रीत.

आता हे थोरियम-२३४ आलं कुठून, तर युरेनियम-२३८ फुटून. इथे घरातल्या पिढ्या आठवा. बाप गावोगाव हिंडणारा, पोरगं घर न सोडणारं, नातू पुन्हा पायाला भिंगरी लावलेला. युरेनियम मोकळं. त्याचं अपत्य थोरियम चिकट. पुढे त्यातून निघणारं रेडियम पुन्हा बऱ्यापैकी मोकळं. त्याचा रेडॉन तर वायूच. आणि रेडॉनपासून बनणारं शिसं परत चिकट. बंद दगडात ही सगळी पिढी एकत्र नांदते. समुद्रात घर फुटतं, प्रत्येकाचा पत्ता वेगळा होतो. समुद्रातली वाटणी समजून घ्यायची तर हे फुटलेलं घरच समजून घ्यावं लागतं.

थोरियम-२३४ चं अर्धायुष्य २४ दिवस. बाप किती आहे ते मिठावरून कळतं, म्हणून पोरगं किती असायला हवं तेही कळतं. वरच्या शंभरेक मीटरमध्ये ते त्यापेक्षा कमी सापडतं. जे कमी पडलं ते कणांबरोबर बुडालं. त्यावरून गेल्या महिनाभरात वरच्या पाण्यातून किती जैविक पदार्थ, पर्यायाने किती कार्बन खाली गेला, याचा हिशेब लागतो. नैऋत्य मोसमी वाऱ्यांनी अरबी समुद्र ढवळून निघतो, प्लवकं फोफावतात, आणि ही तूट वाढते. पाचशे मीटरवर मात्र बाप-लेक सारखे असायला हवेत. म्हणून सरांनी त्याच ठिपक्यावर बोट ठेवलं होतं.

थोरियम-२३० चं तर आणखी विलक्षण. त्याचं अर्धायुष्य पंचाहत्तर हजार वर्षांच्या पुढे, पण पाण्यातला मुक्काम तीस-चाळीस वर्षांचा. युरेनियम सगळीकडे सारखं असल्यामुळे ते वरपासून तळापर्यंत सारख्याच दराने जन्मतं, आणि बुडणारे कण ते वरून खाली नेत राहतात, वाटेत थोडं सोडतात, थोडं उचलतात. परिणाम असा की वरून खाली ते जवळजवळ सरळ रेषेत वाढत जातं. निसर्गात इतकी सरळ रेषा फार थोड्या ठिकाणी मिळते. तळाच्या गाळात मग ते साठतं. जॉन जोली या आयरिश शास्त्रज्ञाने १९०८ मध्ये चॅलेंजर जहाजाने आणलेल्या खोल समुद्राच्या गाळात रेडियम मोजलं आणि ते अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघालं. कोडं सुटायला वेळ लागला. १९३० च्या दशकात हान्स पेटरसन या स्वीडिश समुद्रशास्त्रज्ञाने सुचवलं की रेडियमचा बाप, म्हणजे हेच थोरियम, पाण्यातून निघून गाळात जात असणार. ते खरं ठरलं.

रेडियम तिथेच बसत नाही. गाळात जन्मलं की त्यातलं बरंचसं वर पाण्यात येतं. म्हणून रेडियम-२२६ तळाशी जास्त, वर कमी. पृष्ठभागावर लिटरला सव्वा मिलिबेकरेलच्या आसपास. नाथसागराच्या हिशेबात अख्ख्या धरणात एका गुंजेहून कमी. उत्तर प्रशांत महासागराच्या खोलीत मात्र ते पाचपटींपर्यंत जातं, कारण तिथलं पाणी जगातलं सगळ्यांत म्हातारं, शतकानुशतकं तळाशी बसून रेडियम गोळा केलेलं. अर्धायुष्य १६०० वर्षं असल्यामुळे त्याला तेवढी सवड मिळते.

त्याचं भावंड रेडियम-२२८ अगदी वेगळं. ते थोरियम-२३२ पासून येतं, आणि ते थोरियम तर किनाऱ्याच्या चिखलात बसलंय. अर्धायुष्य पावणेसहा वर्षं. म्हणून ते किनाऱ्यालगत भरपूर, आणि खोल समुद्राकडे जावं तसं विरत जातं. कुठलं पाणी किती वर्षांपूर्वी किनारा सोडून आलंय, हे त्यावरून ओळखता येतं. आणखी कमी काळाचं मोजायचं तर रेडियम-२२४ आहे, पावणेचार दिवसांच्या अर्धायुष्याचं.

नदीच्या मुखाशी रेडियम थोरियमच्या नेमकं उलट वागतं. घरी पाणी मऊ करायचं यंत्र असेल तर ठाऊक असेल, अधूनमधून त्यात मीठ घालावं लागतं. मिठाचं पाणी आत गेलं की धरून ठेवलेलं कॅल्शियम सुटून बाहेर पडतं. नदीच्या चिकणमातीने धरून ठेवलेलं रेडियम खाऱ्या पाण्यात तसंच सुटतं. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मुखाशी हे फार मोठ्या प्रमाणावर होतं. एकच खारं पाणी, थोरियमला बुडवतं आणि रेडियमला सोडवतं.

हे रेडियम पकडायची युक्ती मला अजून आवडते. ॲक्रिलिकचा पांढरा धागा पोटॅशियम परमँगनेटच्या गरम द्रावणात बुडवायचा. तेच परमँगनेट, जे साथीच्या दिवसांत गावच्या विहिरीत टाकायचे. धागा आधी जांभळा होतो, मग काळाभोर. त्यावर बसलेलं मँगनीज डायऑक्साइड रेडियम ओढून घेतं. शेकडो लिटर पाणी त्या मूठभर काळ्या झुपक्यातून सोडायचं, आणि झुपका मोजायचा. हातमोजे विसरलात तर बोटं आठवडाभर तपकिरी राहतात. माझ्या लग्नाच्या फोटोत माझी बोटं तशी आहेत.

पुढची पिढी, रेडॉन. ३.८ दिवसांचा वायू. वरच्या पाण्यातून तो हवेत निसटतो, म्हणून तिथे कमी. तळाशी गाळातून पाझरतो, म्हणून तिथे जास्त. समुद्रापेक्षा जमीन कितीतरी अधिक रेडॉन सोडते, साधारण शंभरपट. हिवाळ्यात वारे ईशान्येकडून वाहतात, जमिनीवरची हवा अरबी समुद्रावर नेतात. त्यातल्या रेडॉनचं शिसं-२१० बनतं, धूलिकणांवर बसतं आणि समुद्रात पडतं. म्हणजे मराठवाड्याची माती गोदावरीतून पूर्वेच्या समुद्राला जाते, आणि मराठवाड्याची हवा पश्चिमेच्या. या शिशाचं अर्धायुष्य बावीस वर्षं. गाळाचा थर शंभरेक वर्षांत किती जमला ते मोजायला ते फार कामाचं. तलावांच्या गाळावर ही पद्धत बसवणाऱ्यांत आपल्याकडचे एस. कृष्णस्वामी आणि देवेंद्र लाल होते, १९७१ सालचं काम. याच लाल यांनी १९६० मध्ये सहकाऱ्यांबरोबर समुद्री स्पंजांमध्ये सिलिकॉन-३२ शोधलं. ते अवकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांपासून बनतं, खडकांशी त्याचा संबंध नाही. कार्बन-१४ आणि ट्रिटियमही (किरणोत्सारी हायड्रोजन) त्याच वाटेने येतात, पण तो मोठा विषय आहे, पुन्हा कधी.

आता सुकट. युरेनियमच्या घराण्याचा शेवटचा किरणोत्सारी वंशज पोलोनियम-२१०, अर्धायुष्य १३८ दिवस. नाथसागरात त्याचं वजन फार तर वीस मायक्रोग्रॅम. पण त्याचा स्वभाव सगळ्यांहून वेगळा. ते नुसतं कणांना चिकटत नाही, जिवांच्या शरीरात शिरतं, प्रथिनांशी जोडलं जातं. प्लवकांतून लहान माशांत, लहान माशांच्या यकृतात आणि आतड्यात. पाण्यातल्यापेक्षा हजारो पटींनी जास्त. मासे खाणाऱ्याला समुद्रातून जो नैसर्गिक किरणोत्सार मिळतो, त्यातला मोठा वाटा याचाच, युरेनियमचा किंवा पोटॅशियमचा नव्हे. जवळा, छोटे मासे, शिंपले हे पोटासकट खातात, म्हणून त्यांत जास्त. मोठ्या माशाच्या नुसत्या मांसात कमी.

तरी काळजी करू नका. माणसं समुद्रकाठी राहायला लागल्यापासून हे खात आली आहेत, आणि आठवड्याला वाटीभर सुकटीने मिळणारी मात्रा आपल्याला वर्षभरात घरातल्या हवेतून, जमिनीतून, आकाशातून जी मिळते तिच्या तुलनेत किरकोळ आहे. शिवाय आपण मराठवाड्यात, कोकणापासून लांब. कोकणात वाळवलेली सुकट पोत्यांतून फिरत जिंतूरच्या बाजारात येईपर्यंत दोन-चार महिने जातात. साडेचार महिन्यांत त्यातलं पोलोनियम निम्म्यावर येतं. ताज्या म्हावऱ्याला मुकतो, त्याची ही एवढीच भरपाई.

वर्गात दाखवायला समुद्राचं पाणी आणू नका, साध्या काउंटरवर त्यातून काहीच कळणार नाही. तालुक्याच्या महाविद्यालयातून काउंटर मागून घ्या आणि औषधाच्या दुकानातून कमी सोडियमवाल्या मिठाची पुडी आणा, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. एका बशीत ते, दुसऱ्या बशीत साधं मीठ. दहा-दहा मिनिटं मोजा, एक मिनिट पुरत नाही. मोजायला त्याच मुलीला बसवा.